गुरुवारच्या बायकांचे अध्यक्ष

चिवेरे मिशन
९ जानेवारी १९९४

प्रिय फिनिअस,

ख्रिस्तात सलाम. पाऊस बरा आहे, मका गुडघ्याइतका आलाय, माझा गुडघा मात्र आहे तसाच आहे. तुझी बायको माई टेंडाई आणि मुलं मजेत असतील.

आमचे नवे पाळक परवा आले. म्हणजे आल्या. पाळक लोइस चितांडा, वय चाळिशीच्या आतलं, आवाज खणखणीत. ट्रकमधून उतरल्या त्याच मुळी हातात कोंबडी धरून. आमच्या वडीलजनांनी स्वागताचं भाषण पाठ करून ठेवलं होतं, त्यात 'हा देवाचा पुरुष' असं सात ठिकाणी होतं. बिचाऱ्यांनी सातही वेळा ठेच खाल्ली. नवरा मागून उतरला. ओनिअस नाव. हातपंप दुरुस्त करतो. खिशात पाना, तोंडात शब्द नाही.

आता कामाचं. तू जिल्हा कमिटीचा सचिव आहेस, शिक्का तुझ्याकडे आहे, म्हणून लिहितेय. आपल्याकडे गुरुवारच्या बायकांच्या संघाचं अध्यक्षपद पाळकांच्या बायकोकडे असतं. मी एकोणीस वर्षं उपाध्यक्ष आहे. चार पाळकीणबाई माझ्या हाताखालून, म्हणजे डोक्यावरून, गेल्या. पहिली मढ्याला घाबरायची, मयताच्या घरी मलाच जावं लागायचं. दुसरी इतकी कोवळी होती की प्रार्थनेत चुकली की रडायची. तिसरीला दर गुरुवारी डोकं दुखायचं, शुक्रवारी उतरायचं. चौथी चांगली होती, म्हणून तिची दोन वर्षांत बदली झाली. चौघींच्या वेळी आजाऱ्यांना भेटणं, मयताचा स्वयंपाक, नव्या मुलींना शिकवणं, भांडणं मिटवणं कोणी केलं ते तुला ठाऊक आहे. ठाऊक नसेल तर आईला स्वप्नात विचार.

आता पाळकांच्या घरात पाळकीणबाईच नाही. तेव्हा खुर्ची कोणाकडे येणार हे सांगायला संदेष्टा नको. बायका खूष आहेत. मीही आहे, तुझ्यापासून काय लपवू? एकोणीस वर्षं दुसरीच्या नावाखाली राबून माणसाला एकदा तरी आपल्या जागेवर बसावंसं वाटतंच. कमिटीचं संमतीपत्र लवकर पाठव.

तुझी ताई

*

ग्वेरू
२१ जानेवारी १९९४

आदरणीय ताईस,

सप्रेम सलाम. आपले पत्र जिल्हा कमिटीपुढे ठेवण्यात आले. विषय नाजूक असल्याने आरंभी व अखेरीस प्रार्थना करण्यात आली. मध्ये थोडे हसूही आले, हे कबूल करतो.

कमिटीचे मत असे पडले की, सदर खुर्ची ही कोणा व्यक्तीची नसून पाळकांच्या घरची आहे. पूर्वजांनी घालून दिलेली ही चाल मोडण्याचा अधिकार आपल्या पिढीला नाही. सबब पाळकांचे जे वैवाहिक जोडीदार असतील तेच महिला संघाचे अध्यक्ष. श्री. ओनिअस चितांडा यांना नेमणुकीचे पत्र धाडले आहे. शिक्का मारला आहे.

आता भाऊ म्हणून चार ओळी. तू रागावशील, पण कमिटीतल्या मोठ्या माणसांच्या मनात काय आहे ते समजून घे. पाळक म्हणून बाई आम्हाला वरून पाठवली, आम्हाला कोणी विचारलं नाही. तुमच्या गुरुवारी मिशावाला अध्यक्ष येऊन बसला की दोन महिन्यांत तुम्ही बायकाच अर्ज कराल, 'आम्हाला पुरुष पाळक द्या, म्हणजे पाळकीणबाई मिळेल.' मग आमच्यावर कसला ठपका नाही. डोकं वापरलंय, की नाही? शास्त्रातही बायकांनी मंडळीत शांत राहावं असं आहेच.

हे पत्र वाचून चुलीत घाल.

तुझा भाऊ
फिनिअस चिगुमिरा
सचिव

*

चिवेरे
१२ फेब्रुवारी १९९४

फिनिअस,

तुझं पत्र चुलीत घातलं नाही. बायबलमध्ये ठेवलंय, तू सांगितलेल्या त्याच पानावर.

शांत राहायचं म्हणतोस. पुनरुत्थानाच्या सकाळी ख्रिस्ताच्या थडग्यापाशी बायकाच गेल्या होत्या, तो उठल्याची बातमी त्यांनीच आणली. त्या शांतपणे घरी येऊन भांडी घासत बसल्या असत्या तर आज तुला शिक्का मारायला मंडळी तरी उरली असती का?

ओनिअसच्या पहिल्या गुरुवारचं ऐक. आम्ही ऐंशी बायका लाल जाकिटं, पांढऱ्या टोप्या घालून हॉलबाहेर उभ्या. पाऊस चालू. हॉलची किल्ली नेहमीसारखी वडीलजन मुसोना यांच्या खिशात, आणि मुसोना गुरं धुवायला गेलेले. तेवढ्यात हा माणूस आला. नेमणुकीचं पत्र दोन्ही हातांत धरून, जसं काही ते फुटेल. मला म्हणाला, "माई फराई, मला माफ करा. मी बायकोला म्हटलं की मी जात नाही. ती म्हणाली, जा, आणि कान उघडे ठेव."

मी इतकी चिडले होते की तोंड उघडलं असतं तर पाप झालं असतं. खुर्ची पुढे ठेवली होती. मी झाडून, पुसून, वर विणलेली चादर घालून ठेवली होती, स्वतःसाठी. त्यावर तो बसला. अर्धाच. अर्धा खुर्चीवर आणि अर्धा हवेत, असा दोन तास. पोरी तोंडावर टोपी धरून हसत होत्या. घरी येऊन मी रडले, हे तुला मुद्दाम सांगते, कारण तुझ्या कमिटीला फक्त हसूच आलं.

पण पाळकांविरुद्ध अर्ज आमच्याकडून येणार नाही, तेवढं लिहून ठेव. गेल्या आठवड्यात म्बुया डोराचा, आपल्या म्हाताऱ्या डोरा आजीचा, नातू वारला. नदीला पूर. मागचे पाळक असते तर चिखल आटण्याची वाट बघत बसले असते. ही बाई घागरा खोचून कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेली. चटईवर बसून रात्रभर म्बुयाचा हात धरून राहिली. तिला आम्ही जाऊ देणार नाही. तिच्यासाठी मिशावाला अध्यक्षही सोसू.

आणि शेवटचं. माझ्या लग्नात नवऱ्याकडून आपल्या घरी आलेल्या गाईंतल्या पाच तुझ्या सासरी देऊन तुझं लग्न झालं. एकही गाय शांत नव्हती.

तुझी ताई

*

ग्वेरू
२० मार्च १९९४

आदरणीय ताईस,

सप्रेम सलाम. एक अनपेक्षित पण सुखद वृत्त कळवितो.

महिला संघाच्या अध्यक्षांना जिल्हा कमिटीत बसण्याचा हक्क आहे, हे आम्हा सर्वांच्या विस्मरणात गेले होते. आजवरच्या पाळकीणबाई बैठकीच्या दिवशी आमच्या जेवणाचेच बघत असत. ओनिअस चितांडा सरळ आत आला आणि खुर्ची ओढून बसला. त्याला कोणी भातात शेंगदाण्याचे वाटण किती घालायचे हे विचारले नाही.

त्याने खिशातून कागद काढला आणि तीन गोष्टी मांडल्या. एक, बायकांच्या संडासाला दार नाही, ते बसवावे. दोन, हॉलची एक किल्ली संघाकडे असावी. तीन, नवरा गेल्यावर विधवेने सहा महिने मागच्या बाकावर बसावे ही चाल बंद करावी, कारण त्या दिवसांत तिला माणसांची गरज जास्त असते.

ताई, कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "हे इतकी वर्षं कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" पंधरा मिनिटांत तिन्ही ठराव मंजूर. मुसोना यांनी किल्ली जागच्या जागी काढून दिली. सगळ्यांचे मत पडले की, पुरुषाची दृष्टी मुळात व्यापक असते. आमच्या निर्णयाचा इतका चांगला परिणाम होईल असे मलाही वाटले नव्हते. तूही आता निवळली असशील.

तुझा भाऊ
फिनिअस चिगुमिरा
सचिव

*

चिवेरे
२ एप्रिल १९९४

फिनिअस,

तुझ्या कपाटात वरून दुसऱ्या खणात एक निळी फाईल आहे. तिच्यावर तुझ्याच अक्षरात 'किरकोळ' असं लिहिलंय. ती उघड. संडासाच्या दाराबद्दल माझी नऊ पत्रं सापडतील. पहिलं १९८३चं. त्यावर तू उत्तर दिलं होतंस की 'योग्य वेळी प्रार्थनापूर्वक विचार करू.' किल्लीबद्दल पाच पत्रं आहेत. मागच्या बाकाबद्दल एकच आहे, कारण ते मी फराईचे बाबा गेले तेव्हा त्याच बाकावर बसून लिहिलं होतं, आणि परत तसं लिहायची ताकद आली नाही. त्याचं तू उत्तरही दिलं नाहीस. तुला वाटलं असेल, ताई दुःखात आहे, बोलतेय.

आता ओनिअसनं वाचलेला कागद बघ. अक्षर ओळखीचं वाटतंय? तो दर बुधवारी माझ्या अंगणात येतो, पंप बघतो, मक्याचं माहेऊ पितो आणि म्हणतो, "माई फराई, उद्या काय बोलू?" मी सांगते, तो लिहून घेतो. लिहिताना चुका करतो म्हणून शेवटी मीच लिहून देते. माणूस भला आहे. त्याच्यावर रागवावं म्हटलं तर तो आधी माझी बादली दुरुस्त करून ठेवतो.

दार बसलं. चांगलं आहे, कडीसुद्धा आहे. मी पहिल्यांदा आत जाऊन कडी लावली आणि उभ्या उभ्या रडले. अकरा वर्षं मी लिहिलं, तेव्हा ते दार किरकोळ होतं. त्यानं वाचलं, तेव्हा व्यापक झालं.

असो. एक आनंदाची बातमी. तुझ्या माई टेंडाईचं वर्षभराचं शिक्षण झालं. आपल्या आईच्या मंडळीत, म्हणजे इथेच, ऑगस्टच्या मेळाव्यात तिला लाल जाकीट मिळणार. चाल तुला ठाऊकच आहे. संघाचे अध्यक्ष आपल्या हातानं नव्या बाईच्या अंगावर जाकीट चढवतात, गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावतात, डोक्यावर टोपी बसवतात आणि दोन्ही हात ठेवून आशीर्वाद देतात. सहाशे बायकांसमोर. ओनिअसचे हात पंपाच्या कामाचे आहेत. सावकाश लावेल, पण घट्ट लावेल.

तुझी ताई

*

ग्वेरू
५ एप्रिल १९९४
बसचालकाच्या हाती, तातडीने

ताई,

हे काय लिहिलंस? परका पुरुष माझ्या बायकोची बटणं लावणार? मेळाव्यात? मंडळीचा सचिव मी, माझ्या घरची बाई, आणि पंप दुरुस्त करणारा तिच्या गळ्याशी हात घालणार? लोक काय म्हणतील? मी उद्या बाजारातून कसा चालू?

कमिटीची तातडीची बैठक झाली. इतरांच्याही बायका, सुना त्या यादीत आहेत असं निघालं. आमच्या कमिटीच्या अध्यक्षांची तर सासू आहे. ठरलं असं की जाकिटाचा विधी तेवढा उपाध्यक्षांनी, म्हणजे तू करावा. बाकी खुर्ची पाळकांच्या घरीच. शिक्का मारून पत्र सोबत जोडलंय.

फिनिअस

*

चिवेरे
६ एप्रिल १९९४
त्याच बसचालकाच्या हाती, सावकाश

प्रिय फिनिअस,

जोडपत्र परत पाठवतेय. शिक्का छान उमटलाय.

पूर्वजांनी घालून दिलेली चाल मोडण्याचा अधिकार आपल्या पिढीला नाही, हे तूच लिहिलं होतंस. जाकीट अध्यक्षच घालतात. एकोणीस वर्षांत मी एकाही बाईला जाकीट घातलेलं नाही. सगळं शिकवायचं मी, आणि त्या दिवशी डोकेदुखीवालीसुद्धा उठून पुढे यायची. तेव्हा नव्हतं चालत, तर आता कसं चालेल?

दोनच रस्ते आहेत. ओनिअस बटणं लावेल. नाहीतर कमिटीनं ठराव करावा की संघाचा अध्यक्ष दर वर्षी बायका मत देऊन निवडतील. मधला रस्ता नाही. पाळक लोइसना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खुर्ची माझ्या घरची आहे असं कमिटी म्हणते, पण माझ्या घरात चारच खुर्च्या आहेत आणि ही त्यांतली नाही."

माई टेंडाईला सांग, गळ्याशी सैल शिव. उन्हाळ्यात त्रास होतो.

तुझी ताई

*

ग्वेरू
१५ एप्रिल १९९४

आदरणीय ताईस,

जिल्हा कमिटीने दीर्घ विचारांती, स्वयंस्फूर्तीने व कोणाच्याही दबावाविना असे ठरविले आहे की, यापुढे महिला संघाचे अध्यक्ष संघाच्या सभासद स्त्रियांनी मताने निवडावे. निवडणूक मेळाव्याच्या दिवशी सकाळी, जाकिटांचा विधी दुपारी. पुन्हा लिहितो, निवडणूक सकाळी.

तू निवडून येणार यात मला शंका नाही. आगाऊ अभिनंदन.

फिनिअस चिगुमिरा
सचिव

*

चिवेरे
२८ ऑगस्ट १९९४

फिनिअस,

मेळावा काल संपला. माई टेंडाई घरी पोचलीच असेल, आणि तिनं तुला काय सांगितलं असेल नसेल मला माहीत नाही. म्हणून मीच सांगते.

चिवेरेच्या संघातल्या ऐंशी जणींनी मत दिलं. तोंडाला फडकं बांधलेला पोकळ भोपळा मध्ये ठेवला होता, फडक्याला हात जाईल एवढं भोक. नावं दोनच, आताचा अध्यक्ष ओनिअस आणि मी. त्याला मक्याचा दाणा, मला शेंगदाणा. पाळक लोइसनी भोपळा चटईवर उपडा केला आणि सगळ्यांसमोर मोजलं.

मक्याचे दाणे सत्तावन्न. शेंगदाणे एकवीस. दोन मतं सापडलीच नाहीत, कोणीतरी शेंगदाणे खाल्ले असावेत. आणि एकविसांतला एक माझा.

मी हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग स्वयंपाकघरात गेले आणि साड्झ्याचं मक्याचं पीठ शिजतं त्या मोठ्या पातेल्याआड बसले. माझ्या मागून म्बुया डोरा आली. हीच ती, जिच्या दोन मुली मी माझ्या हातांनी पुरल्या. मी विचारलं, "म्बुया, तुम्ही काय टाकलंत?" म्हणाली, "मका." मी म्हटलं, "का हो?" तर माझ्याजवळ बसली, माझा गुडघा चोळायला लागली आणि म्हणाली, "पोरी, तू बोलतेस ते खरं असतं. तो बोलतो ते होतं. मला अजून थोडीच वर्षं आहेत, मला होणारं पाहिजे."

फिनिअस, माझी आयुष्यात कोणी एवढी निंदा केली नाही आणि एवढं खरंही कोणी बोललं नाही. तुमच्या कमिटीनं मला हरवलं असतं तर मी भांडले असते. माझ्याच बायकांनी तुमची कमिटी ओळखून मत दिलं. त्यांच्याशी काय भांडू?

ओनिअस तर खचलाच. उठून म्हणाला, "मला नको." बायका ओरडल्या, "बसा!" बसला. पूर्ण खुर्चीवर बसला या वेळी.

दुपारी जाकिटं. तुझी निवडणूक सकाळी ठेवण्याची युक्ती अशी फळली. त्यानं प्रत्येकीला आधी विचारलं, "आई, मी लावू का?" मग माई टेंडाईची पाळी आली. त्यानं नजर छपराकडे लावली आणि बटणं लावत गेला, त्यामुळे एक बटण चुकलं आणि सगळी परत काढून लावावी लागली. सहाशे बायका किंचाळत होत्या, खुळखुळे वाजत होते. आणि तुझी बायको, जी तुझ्या घरात वीस वर्षं तोंड उघडत नाही, ती मोठ्यांदा म्हणाली, "सावकाश लावा, बाबा. माझा हात मोडला होता तेव्हा माझ्या नवऱ्यानं दीड महिना एकही लावलं नाही." हॉलचं छप्पर उडायचं बाकी होतं.

आता माझं ठरलंय. मी उपाध्यक्ष आहेच, काम करेन. पण बुधवारचा कागद बंद. ओनिअसला सांगितलंय, पंप बघायला ये, माहेऊ पी, पण तुझ्या तोंडात घालायला माझ्याकडे शब्द नाहीत. तो म्हणाला, "बरं झालं, माई फराई. मला ते शब्द जड होत होते."

तुझी ताई

*

ग्वेरू
१९ सप्टेंबर १९९४

ताई,

घरचा विषय नंतर. माझी बायको आता रोज सकाळी हाताची बाही माझ्यापुढे धरते आणि वाट बघते. बटण लावायला शिकलोय.

कमिटीचं अडलंय. कापणीचा सण या वेळी चिवेरेला आहे, १६ ऑक्टोबरला, चारशे पाहुणे. आम्ही ओनिअसला विचारलं, किती पोती पीठ, कोणाचा बैल, पाहुणे कोणाकडे उतरणार, आजारी म्हाताऱ्यांना कोण आणणार? तो म्हणाला, "मला पंपाचं विचारा." पुन्हा विचारलं. म्हणाला, "जिला माहीत आहे तिला विचारा." आणि पुढे तीन तास भिंतीवरच्या पालीकडे बघत बसला. आमचे अध्यक्ष वैतागले. म्हणाले, आतापर्यंत हे सण व्हायचे कसे? कोणालाच सांगता येईना. आम्ही जायचो, जेवण तयार असायचं.

तू सगळं लिहून पाठव. ओनिअस वाचून दाखवेल.

फिनिअस

*

चिवेरे
२२ सप्टेंबर १९९४

फिनिअस,

लिहून पाठवणार नाही. शनिवारच्या बसनं मी स्वतः येतेय. दहा वाजता पोचेन. बैठकीत बोलेन, उभी राहून, माझ्या तोंडानं. स्वयंपाकघराचा रस्ता कोणी दाखवू नये. परतीची बस दोनला आहे.

ताई

*

ग्वेरू
२६ सप्टेंबर १९९४

आदरणीय ताईस,

शनिवारची बैठक अत्यंत फलदायी झाली. तुझ्या येण्याने सर्वांना आनंद झाला. इतिवृत्ताची प्रत पाठवीत आहे, सांभाळून ठेव:

'कापणीच्या सणाच्या तयारीबाबत चर्चा झाली. महिला संघाचे अध्यक्ष श्री. ओनिअस चितांडा यांच्या सूचनेवरून सर्व व्यवस्था मंजूर करण्यात आली. आमेन.'

फिनिअस चिगुमिरा
सचिव

*

चिवेरे
२९ सप्टेंबर १९९४

फिनिअस,

तुझी प्रत परत.

मी दहा वाजून दहा मिनिटांनी उभी राहिले आणि साडेअकराला बसले. पिठाची पोती, बैल, कोणत्या घरात किती पाहुणे, कोणाला मीठ चालत नाही, कोणाचं कोणाशी पटत नाही म्हणून एका अंगणात उतरवायचं नाही, सगळं सांगितलं, कागदाशिवाय. तू माझ्या समोर बसून लिहून घेत होतास. तेवढ्या वेळात ओनिअस एकच वाक्य बोलला. "खिडकी लावू का?"

कमिटी दुष्ट आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही ऐकलंत, माना डोलावल्यात, मला पाणीसुद्धा दिलंत. मग लिहायला बसलास आणि तुझा हात आपोआप त्याच्या नावाकडे गेला. मला हेच जास्त लागलं.

ज्याच्या सूचनेवरून झालं त्याचं नाव लिही. नाहीतर १६ तारखेला चारशे पाहुण्यांना श्री. ओनिअस यांची सूचना वाढा. पातेली माझ्याकडे आहेत, आणि संघातल्या ऐंशीच्या ऐंशी जणी या वेळी मका-शेंगदाणा न करता माझ्या बाजूला आहेत. म्बुया डोरासुद्धा. म्हणते, "होणारं पाहिजे होतं, झालं."

ताई

*

ग्वेरू
४ ऑक्टोबर १९९४

ताई,

काल बैठक बोलावली. तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, माझ्यावरचंसुद्धा. आमचे अध्यक्ष म्हणाले, "बरोबर आहे. बाईंचं नाव घाला. काय नाव त्यांचं?"

मुसोना म्हणाले, "माई फराई."

अध्यक्ष म्हणाले, "फराई हा त्यांचा मुलगा. त्यांचं नाव काय?"

ताई, अकरा माणसं बसली होती. तू त्यांच्या आया पुरल्या आहेस, त्यांच्या मुलांची बारशी जेवू घातली आहेस. एकालाही नाव सांगता आलं नाही. कोणी छपराकडे बघितलं, कोणी बुटाकडे. पाळक लोइसना ठाऊक होतं, मला नक्की माहीत आहे, पण त्या मुद्दाम माझ्याकडे बघत गप्प राहिल्या. ओनिअसही गप्प.

लेखणी माझ्या हातात होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर थांबावं लागलं. तीस वर्षं मी तुला ताई म्हणतोय, लोकांपुढे माई फराई म्हणतोय. लहानपणी तू गुरं घेऊन नदीपलीकडे गेलीस की मी अलीकडून बोंबलायचो, तेव्हाचं नाव कुठे गेलं होतं कोण जाणे. मग आठवलं, आणि मी ते मोठ्यांदा म्हटलं. मला लाज वाटली, ताई. चुकलो मी. निळी फाईलही काल काढून वाचली, मागच्या बाकावरून लिहिलेलं पत्र धरून. त्याचं उत्तर लिहायला घेतलंय, पण जमत नाहीये.

इतिवृत्त सुधारून लिहिलं. 'कमिटीने ऐकले' असं मी लिहिलं, तर अध्यक्ष म्हणाले, "ऐकले नको, नोंद घेतली लिहा, बरं दिसतं." मी म्हटलं, नाही. प्रत खाली देतोय. शिक्का मारायचा राहिलाय, पण तू वाच:

'कापणीच्या सणाची सर्व व्यवस्था श्रीमती एस्नाथ ग्वाटिझो यांनी उभे राहून सांगितली. कमिटीने ऐकले.'

तुझा भाऊ
फिनिअस